दाराजवळची बादली

सुचिताला समुद्र भेटला तो उशिरा, आणि भेटला तो परका. पालीजवळच्या खेड्यातली ती पोर. घरची भातशेती, आणि समुद्र म्हणजे शाळेच्या सहलीत गुडघ्यापर्यंत ओलं होण्याची जागा. पण शिकता शिकता ती अशा विषयात शिरली, की तो घरच्यांना समजावून सांगणं तिला आजतागायत जमलेलं नाही. समुद्राच्या तळाशी, चिखलात, कणा नसलेले जे जीव राहतात, म्हणजे किडे, शिंपले, खेकड्यांचे बारके भाऊबंद, ते कुठे आहेत, किती आहेत, कोणत्या जातीचे आहेत याची मोजणी करणं हे तिचं काम. "म्हणजे मासे नाहीत?" असं तिचे वडील दर सुट्टीत विचारायचे, आणि नाहीत म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडायचा.

ही मोजणी ती शिकली नॉर्वेच्या उत्तरेला, एका जहाजावर. तिथल्या डेकवर उभं राहणं म्हणजे फ्रिजमध्ये उभं राहणं. लोखंडी जबडा खाली सोडायचा, तो तळाचा चिखल उचलून आणायचा, चिखल चाळणीत धुवायचा आणि चाळणीत उरेल ते बादलीत भरायचं. बादल्या ओळीनं मांडून ठेवायच्या. दिवसाचं काम संपलं, की खालच्या खोलीत नेऊन सगळ्यांत एकदम फॉर्मॅलिन ओतायचं. हे औषध जीवांना जसंच्या तसं टिकवतं, पण माणसाचे डोळे आणि नाक जाळतं, म्हणून हलत्या डेकवर त्याची बाटली उघडायचीच नाही, असा तिथला कडक नियम होता. संध्याकाळपर्यंत बादलीतले किडे मजेत वळवळत असायचे. त्या थंडीत नासायची कशालाच घाई नसते.

तो नियम सुचिताच्या अंगात इतका मुरला, की परत येताना तिनं तोही लोकरीच्या मोज्यांबरोबर सामानात भरून आणला. मोज्यांचा इथे काही उपयोग नाही हे तिला पहिल्याच दिवशी कळलं. नियमाचं कळायला वेळ लागला.

मुंबईच्या एका संस्थेनं तिला काशीदच्या आसपासचा समुद्रतळ तपासायचं काम दिलं. तिथल्या चिखलात कोण कोण राहतं याची अशी मोजणी आधी कुणी केली नव्हती. तिनं खाडीवरच्या एका कोळीवाड्यात मुक्काम ठोकला, अंबाजी तांडेलाची बोट ठरवली आणि अंबाजीच्या थोरल्या बहिणीच्या, नीराबाईच्या पडवीला लागून असलेल्या खोलीत ती राहू लागली. नीराबाई एकटीच असायची. नवरा कधीच समुद्रात गेलेला, मुलगी सासरी. ती सुचिताला 'बाय' म्हणायची, आणि ही तिला 'मावशी'. भाताच्या घरातली पोर मासे खाते कशी, काटे काढते कशी, हे बघणं नीराबाईच्या फार आवडीचं होतं, आणि त्यावरून ती रोज काहीतरी टोमणा मारायचीच.

आता नीराबाईच्या चावीचं सांगायला हवं. कोळणींच्या सोसायटीची तिथं एक बर्फाची खोली होती. संध्याकाळी न विकलेला माल तिथं ठेवायचा आणि सकाळी उचलून बाजाराला न्यायचा. प्रत्येकीच्या पेटीला तिच्या जुन्या लुगड्याची चिंधी बांधलेली. तीच तिची खूण. पेट्यांना कुलपं नव्हती. कुलूप एकच, बाहेरच्या दाराला, आणि त्याची चावी नीराबाईच्या कमरेला. त्या खोलीचा कायदाही एकच होता. दुसरीच्या पेटीचं झाकण उघडायचं नाही, मग आत काही कुजत असो की चालत असो. चावी जिच्याकडे तिनं तर मुळीच नाही. खोली बांधल्यापासून चावी नीराबाईकडे होती, आणि तिच्याविषयी कुणी चकार शब्द काढला नव्हता.

सुचिताच्या बादल्या याच खोलीला लागून असलेल्या अंधाऱ्या कोठीत ठेवायचं ठरलं. औषध विषारी, ते माशांजवळ नको, आणि झाकणं उघडू नका, असं सुचितानं सांगितलं. कोठीचं दार मात्र त्याच कुलपातलं. नीराबाईनं आपल्या हिरव्या लुगड्याच्या चिंध्या फाडून प्रत्येक बादलीच्या कडीला बांधल्या. सुचिता म्हणाली, "मावशी, यांना कोण हात लावणार आहे? नुसता चिखल आहे." नीराबाई म्हणाली, "चिखल असू दे, न्हायतर सोनं. खून पायजे."

एकदा भांडी विसळता विसळता तिनं विचारलं होतं, "बाय, खाली काय काय हाय, ते मना पन दाव की एकदा."

"दाखवते ना मावशी. या रविवारी."

रविवार आला आणि गेला. त्यानंतरचेही आले आणि गेले. सुचिता दमलेली असायची. शिवाय मनातल्या मनात तिला वाटायचं, की हिला दाखवून करायचंय काय. नीराबाईनं पुन्हा विचारलं नाही.

बोटीवरचं काम सुचितानं अगदी उत्तरेच्या शिस्तीत केलं. पहाटे निघायचं, जबडा सोडायचा, चाळायचं, बादल्या भरायच्या, त्या ओळीनं मांडायच्या. ऊन चढायचं, बोटीवरचा फळ्यांचा पाटा तापून पाय पोळायचे. बादल्या आपल्या जागी उभ्या. संध्याकाळी किनाऱ्याला लागलं, की कोठीच्या ओट्यावर नाकाला फडकं बांधून ती सगळ्यांत औषध ओतायची आणि नियम पाळल्याच्या समाधानात आंघोळीला जायची. फक्त शेवटच्या दिवशी वारा उठला. अंबाजीनं एकच खेप होऊ दिली आणि बोट वळवली. सकाळच्या न्याहारीच्या आत ते परत आले, आणि त्या दिवसाच्या एकुलत्या एका बादलीत सुचितानं लगेच औषध घालून ती कोठीच्या दाराजवळ ठेवून दिली.

पुढे काही दिवस ती मुंबईला राहून आली. आल्यावर कोठी उघडून आतल्या ओळीतली पहिली बादली घेतली, झाकण काढलं, आणि तिला ओकारी आली. औषधाचा उग्र दर्प असायला हवा होता, त्याच्याबरोबर कुजकट घाण वास आला. आत जीव असे नव्हतेच. लगदा होता. दुसरीत तेच, तिसरीत तेच. किड्यांचे तुकडे बोटांत विरघळत होते. तिनं आणखी काही उघडल्या आणि मग उघडायचं सोडून दिलं. इतके दिवस केलेलं सगळं काम चिखलात गेलं होतं, आणि त्यावर मुंबईच्या संस्थेतल्या साहेबांना काय सांगायचं, हे एकच तिच्या डोक्यात घोंघावू लागलं.

शेजारच्या खोलीत बायका पेट्यांत बर्फ भरत होत्या. सोसायटीची अध्यक्ष केसरबाई होती, नीराबाई होती, बाकीच्या होत्या. सुचिता तशीच हात न धुता दारात जाऊन उभी राहिली.

"मावशी, माझ्या बादल्या कुणी उघडल्या?"

सगळ्या थांबल्या. नीराबाईच्या हातातला बर्फ हातातच राहिला. ती खोटं बोलू शकली असती. बोलली असती तर पुढचं काही झालंच नसतं. पण ती म्हणाली, "मी उगडली, बाय. एकच उगडली. दाराजवलची. बगितली नि लगेच झाकन लावलं."

"एकच?" सुचिताचा आवाज चढला. "आतलं सगळं सडलंय मावशी. एक उघडली म्हणजे सगळ्याच उघडल्या असणार. औषध उडून गेलं. सगळं काम नासवलंत तुम्ही."

"एकच उगडली," नीराबाई पुन्हा म्हणाली.

आणि मग सुचिता ते बोलली. नंतर पुष्कळ दिवस ते वाक्य तिला आंघोळ करताना, जेवताना, कुठेही ऐकू यायचं, आणि दर वेळी कान तापायचे. ती म्हणाली, "शिकला नाहीत त्याला तुमचा इलाज नाही. पण सांगितलेलं तरी ऐकायचं. परक्याच्या वस्तूला हात लावायची सवय असली तर चावी कशाला सांभाळता?"

केसरबाई स्वभावानं वाईट नव्हती, पण तिच्यासमोर खोलीचा कायदा होता आणि नीराबाईनं तो स्वतःच्या तोंडानं मोडलेला कबूल केला होता. तिनं नुसता हात पुढे केला. नीराबाईनं कमरेची चावी सोडली. गाठ जुनी होती, लवकर सुटेना, आणि तेवढा वेळ सगळ्या बायका दुसरीकडे बघत राहिल्या. सुचिताही बघत राहिली, पण तिला तेव्हा आपलं बरोबरच वाटत होतं.

साहेबांना तिनं फोन केला. साहेब म्हणाले, स्थानिक लोकांकडे साठवण करायची म्हणजे हे होणारच. तसं लिहून द्या, पुन्हा सगळं गोळा करायची परवानगी काढतो. तिनं तसं लिहून दिलं. परवानगी आली. तिच्यावर काडीचाही ठपका आला नाही.

खोली बदलायचं तिच्या मनात आलं होतं, पण गावात दुसरी जागा नव्हती. नीराबाईनंही जा म्हटलं नाही. उलट, आपल्या हातून पोरीचं नुकसान झालं, या समजुतीनं ती जास्तच करू लागली. पापलेटाचा मधला तुकडा सुचिताच्या ताटात, कडेचा स्वतःच्या. टोमणे मात्र बंद झाले. आपली मच्छी ती आता खोलीत ठेवत नव्हती. उरलेली संध्याकाळीच मिळेल त्या भावात देऊन टाकायची. सकाळी बायका बर्फाच्या खोलीकडे निघाल्या, की ही मागच्या दारी काहीतरी काम काढून बसायची.

नव्यानं काम सुरू करण्याआधी जुन्या बादल्या रिकाम्या करायच्या होत्या. सुचिता एकेक ओतत गेली. शेवटी दाराजवळची उरली, जिच्या कडीची हिरवी चिंधी पुन्हा बांधल्यासारखी दिसत होती. हीच ती, असं म्हणून तिनं नाक दाबून झाकण उघडलं.

आत स्वच्छ औषधाचा दर्प होता. तिनं थोडा गाळ बशीत घेतला. किडे अख्खे होते, अंगावरचे केससुद्धा शाबूत. भाताच्या कणीएवढे शिंपले मिटलेले. एक सर्पतारा होता, म्हणजे तारामाशाचा बारीक लांब हातांचा भाऊ, जो जरा काही बिनसलं की आपले हात तोडून टाकतो. त्याचे पाचही हात जागेवर होते.

सुचिता ओट्यावर बसली. नीराबाईनं उघडलेली बादली तेवढी धड होती, आणि ज्यांना कुणी बोट लावलं नव्हतं त्या सगळ्या सडल्या होत्या. मग तिला शेवटचा दिवस आठवला. वारा, लवकर परतलेली बोट, लगेच ओतलेलं औषध. बाकीच्या दिवसांचं ऊन आठवलं, तापलेला पाटा आठवला, त्यावर दिवसभर उभ्या असलेल्या बादल्या आठवल्या. चिखलातले ते जीव कोठीत आलेच होते सडायला लागून. ते सडवले होते तिनं, नॉर्वेच्या नियमानं, रायगडच्या उन्हात. हे आठवीतल्या पोरालाही कळलं असतं, आणि हिच्या नावापुढे डॉक्टर लागतं.

तिला इतकी लाज वाटली, की आजूबाजूला कुणी नसताना तिनं ओंजळीत तोंड लपवलं.

लाज वाटली म्हणजे माणूस लगेच जाऊन कबूल करतो, असं कुणाला वाटत असेल तर त्याला खरी लाज कधी वाटलेली नाही. खरी लाज जीभ टाळ्याला चिकटवते. सुचितानं त्या दिवशी ठरवलं, आज जेवताना सांगायचं. जेवताना नीराबाईनं तिला विचारलं, "समदं परत करायचं म्हंजे तुज्या सायबानं लय बोल लावला का गं?" सुचिता म्हणाली, "नाही, फारसा नाही." आणि घास गिळला. दुसऱ्या दिवशी सांगू म्हटलं, तर शेजारीण आली. मग बोट सुरू झाली. आता ती चिखल चाळला की जागच्या जागी, फडकं बांधून, बाटली दोरीनं खांबाला अडकवून, औषध ओतत होती. अंबाजीनं सुकाणूवरून सहज विचारलं, "ह्या टायमाला लगेच टाकताव औषद, म्याडम?" त्याच्या विचारण्यात काहीही नव्हतं. तरी तिचे कान तापले. "हो, सुधारणा केली," ती म्हणाली. सुधारणा हा शब्द तिला दिवसभर बोचत राहिला. आपण चुकलो याची लाज एक, आणि ती चूक दुसरीच्या अंगावर आयती बसली म्हणून आपल्याला हायसं वाटलं होतं, याची लाज त्याहून मोठी.

बांध फुटला तो अगदी क्षुल्लक गोष्टीवरून. एका सकाळी सुचिता निघाली, तर नीराबाई दारात बसून तिच्या नव्या बादल्यांसाठी चिंध्या फाडत होती. चिंध्या तिनं पुढ्यात ठेवल्या आणि म्हणाली, "तूच बांध गं. मी हात लावत न्हाय."

सुचितानं चिंध्या उचलल्या नाहीत. ती म्हणाली, "मावशी, उठा. चला माझ्याबरोबर."

"कुठं?"

"बर्फाच्या खोलीवर."

"मी न्हाय येत तिथं."

"माझ्यासाठी चला." तिचा चेहरा बघून नीराबाई उठली.

वाटेत सुचितानं साहेबांना फोन लावला आणि चालता चालताच सांगून टाकलं, की मी लिहून दिलेलं खोटं आहे, साठवणीत काही दोष नव्हता, औषध मीच उशिरा घातलं. साहेब काहीतरी बोलू लागले. तिनं नंतर बोलते म्हटलं, कारण खोली आली होती.

बायका नेहमीसारख्या बर्फ भरत होत्या. सुचिता त्याच दारात, त्याच जागी उभी राहिली. काय बोलायचं ते तिनं मनात नीट लावलं होतं, पण तोंड उघडल्यावर ते सगळं उलटंपालटं झालं. बादल्या उन्हात राहिल्या, औषध संध्याकाळी घातलं, तिकडे थंडी असते म्हणून चालतं, इथे चालत नाही, हे आपल्याला कळायला हवं होतं. मावशींनी उघडली ती एकच बादली चांगली निघाली. मावशी खरं बोलत होत्या. "आणि मला हे कळून पुष्कळ दिवस झाले," ती म्हणाली. "तरी मी गप्प बसले. त्यांच्या हातचं जेवत होते आणि गप्प बसले होते."

हे शेवटचं सांगायचं तिच्या मनात नव्हतं. पण ते न सांगता बाकीचं सांगणं तिला जमलं नाही.

बायकांनी तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं वाटलं असतं. एकीनं फक्त "आरं देवा" म्हटलं, हळू आवाजात, आणि पेटीचं झाकण लावलं. केसरबाईनं कमरेची चावी काढली आणि नीराबाईपुढे धरली. "घे नीरा. आमचं पन चुकलं."

नीराबाईनं हात पुढे केला नाही.

"सडवलं न्हाय मी, ते बरं झालं," ती म्हणाली. "पन झाकन उगडलं ते उगडलंच ना. कायदा हाय तो हाय. चावी तुज्याकडंच असू दे, केसर."

"मावशी, असं नका करू," सुचिता म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते दिसू नये याची सोय त्या दारात नव्हती. "का उघडलीत तुम्ही ती? कधी कुणाचं झाकण उचललं नाहीत, आणि माझंच का?"

नीराबाई बायकांकडे न बघता, सुचिताकडेही न बघता, म्हणाली, "माजा दादला वादलात गेला, बाय. बोट गावली, तो न्हाय गावला. खालीच राह्यला. इतकी वर्सं मी वरचा दर्याच बगते. तू खालचं वर आनतंस म्हनून वाटलं, खाली त्याच्या सोबतीला कोन हाय, ते तरी बगावं. तुला इचारलं व्हतं. तू रविवार म्हनलीस."

आपण पुन्हापुन्हा टाळलेले रविवार तिला एकेक करून आठवले. केसरबाईनं चावी परत कमरेला लावली नाही, नीराबाईला दिलीही नाही. ती तिनं दाराच्या चौकटीवरच्या खिळ्याला अडकवली, सगळ्यांना दिसेल अशी. बायका पेट्या उचलून निघून गेल्या.

सुचितानं कोठीतून दाराजवळची बादली बाहेर आणली. त्यातला गाळ तिनं नळाखाली चाळणीत पुन्हा पुन्हा धुतला, औषधाचा वास जाईपर्यंत. पांढऱ्या बशीत स्वच्छ पाणी घेतलं, त्यात एकेक जीव सोडला आणि बशी ओट्यावर नीराबाईपुढे ठेवली. ती सांगत गेली. हा किडा चिखलात नळी करून राहतो. हा शिंपला आयुष्यभर जागा सोडत नाही. हा सर्पतारा, हा चिखलात रुतून बसतो आणि दोन हात वर काढून ठेवतो.

नीराबाई वाकून बघत होती. तिला बारीक दिसत नव्हतं, म्हणून ती आणखी वाकली.

"खातात काय ही?" तिनं विचारलं.

सुचिता थांबली. पाण्यातले बारीक कण खातात, असं सांगता आलं असतं, आणि ते खोटंही नव्हतं. पण अर्धवट खरं बोलून तिचं पोट भरलं होतं.

"वरून जे खाली येतं ते, मावशी," ती म्हणाली. "मेलेलं. तळाशी आलेलं काही ही वाया जाऊ देत नाहीत." एवढं बोलून तिनं मान खाली घातली.

बराच वेळ नीराबाई बशीत बघत राहिली. खाडीवरून एक बोट फटफटत आत आली, तिकडेही तिनं पाहिलं नाही.

"म्हंजे तसाच पडून न्हाय राह्यला तो," ती म्हणाली.

नीराबाईनं सर्पताऱ्याकडे बोट नेलं आणि पाण्याच्या वरच थांबवलं.

"हात लावू, बाय?"

चारचौघींत जिला हात लावल्याबद्दल सुचितानं नको ते ऐकवलं होतं, ती बाई आता तिची परवानगी मागत होती. सुचितानं बशी तिच्याकडे सरकवली. "लावा ना मावशी," ती म्हणाली.

नीराबाईनं आधी बोट पदराला पुसलं.